‘अचानक’पासून ‘कधी नव्हे ते’पर्यंत: असाधारणपणा दाखवणारी क्रियाविशेषणे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकोरीबाहेरचे काही सांगायचे असले, की लिहिणाऱ्याला बहुधा ‘अचानक’ आठवते, आणि लेखन जरा औपचारिक असेल तर ‘आश्चर्यकारकपणे’. मराठीत याच कामासाठी इतके शब्द आहेत की या दोघांवर सगळा भार टाकण्याचे कारण नाही. त्या शब्दांविषयी लेखक, भाषांतरकार, शिक्षक आणि मराठी नव्याने शिकणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे उत्तरांसह दिले आहेत.

असाधारणपणा दाखवणारी क्रियाविशेषणे असा एखादा वर्ग व्याकरणात आहे का?

नाही. शालेय व्याकरणात क्रियाविशेषणांचे अर्थावरून कालवाचक, स्थलवाचक, रीतिवाचक, परिमाणवाचक असे वर्ग पाडतात, आणि असाधारणपणा दाखवणारे शब्द या वर्गांमध्ये विखुरलेले सापडतात. ‘क्वचित’ काळाकडे जातो, ‘अतोनात’ परिमाणाकडे, ‘धाडकन’ रीतिवाचकातल्या अनुकरणदर्शक गटाकडे, आणि ‘चक्क’ कोठे घालावा यावर दोन शिक्षकांचे एकमत होणे कठीण. तरीही लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हे शब्द एकत्र पाहणे सोयीचे ठरते, कारण ते निवडताना त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो: नेहमीचे असे नेमके काय मोडले?

मोडणारी गोष्ट चार प्रकारची असू शकते. ‘आजोबा एकाएकी हसले’ या वाक्यात क्षणापूर्वीची स्थिती मोडली. ‘आजोबा चक्क हसले’ म्हटले तर आपली आजोबांविषयीची अपेक्षा मोडली. ‘आजोबा क्वचित हसत’ या वाक्यात हसणे हाच नित्यक्रमाला अपवाद आहे, आणि ‘आजोबा भलतेच हसले’ म्हणताना हसण्याचे नेहमीचे प्रमाण ओलांडले गेले. आजोबा तेच, हसणेही तेच, पण चार वाक्यांतून चार वेगळ्या गोष्टी कळतात. या पृष्ठावरील बहुतेक उत्तरे याच भेदावर उभी आहेत.

‘अचानक’, ‘एकाएकी’, ‘एकदम’, ‘अकस्मात’ आणि ‘अवचित’ हे समानार्थी शब्द आहेत ना?

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते समानार्थी म्हणून खपतात, परंतु वाक्यात एकाच्या जागी दुसरा घातला की फरक जाणवू लागतो. यांत सर्वांत मोकळा शब्द ‘अचानक’ आहे. घटनेची पूर्वसूचना नव्हती एवढेच तो सांगतो, आणि घटना चांगली की वाईट याविषयी काहीच सुचवत नाही. पाहुणे अचानक येतात, ताप अचानक चढतो, बढतीही अचानक मिळते. तो विशेषणासारखाही चालतो. ‘अचानक भेट’ आणि ‘अचानक तपासणी’ हे प्रयोग सर्रास होतात.

‘एकाएकी’ला आधी एखादी चालू स्थिती लागते. आभाळ निरभ्र होते आणि एकाएकी अंधारून आले. तो बोलत होता आणि एकाएकी गप्प झाला. बाजारात कांद्याचे भाव टिकून होते आणि एकाएकी उतरले. चालू असलेले काही तुटले, की हा शब्द नेमका बसतो. ‘पाहुणे एकाएकी आले’ हे वाक्य चुकीचे नाही, पण तेथे ‘अचानक’ अधिक सहज वाटते, कारण पाहुणे येण्याने तुटावे असे काही आधी सांगितलेलेच नसते.

‘एकदम’ फारसीतून आला. ‘दम’ म्हणजे श्वास, म्हणून एकदम म्हणजे एका श्वासात. मराठीत त्याचे तीन अर्थ झाले आणि तिन्ही जिवंत आहेत: क्षणार्धात, एकाच वेळी आणि पूर्णपणे. ‘एकदम ब्रेक दाबला’, ‘दोघे एकदम बोलू लागले’ आणि ‘चहा एकदम फक्कड झाला’ ही तीन वाक्ये पाहावीत. यामुळेच ‘सगळी मुले एकदम उठली’ यासारख्या वाक्यात मुले अवचित उठली की सर्वजण बरोबर उठली हे कळत नाही. बोलण्यात सुरावरून कळते. लेखनात मात्र ‘एकाएकी’ किंवा ‘एकाच वेळी’ यांपैकी जे अभिप्रेत असेल ते लिहिणे बरे.

‘अकस्मात’ संस्कृत आहे. ‘कस्मात्’ म्हणजे कशामुळे, आणि त्याला ‘अ’ लागून ‘कारण दिसत नसताना’ असा अर्थ झाला. हे मूळ ठाऊक नसलेल्या वाचकालाही या शब्दातला गंभीरपणा जाणवतो, म्हणून तो मृत्यू, संकट, वियोग यांच्याबरोबर शोभतो. ‘अकस्मात पाहुणे आले’ म्हटले तर बोलणारा थट्टा करतो आहे असे वाटेल. ‘अवचित’ याच्या अगदी उलट, हळुवार आहे. ज्ञानेश्वरांच्या विराणीत, म्हणजे विरहगीतात, तो ‘अवचिता’ या रूपात आला आहे आणि तेव्हापासून त्याचा कल भेटीगाठी, सुगंध, पाऊस, आठवण यांच्याकडेच राहिला. अपघाताच्या बातमीत ‘ट्रक अवचित समोर आला’ असे लिहू नये.

‘अनपेक्षितपणे’ म्हणजे ‘अचानक’च की वेगळे काही?

वेगळे. अचानकपणाचा संबंध वेळेशी आहे, अनपेक्षितपणाचा मनातल्या अंदाजाशी. एखादा उमेदवार महिनाभर हळूहळू पाठिंबा मिळवत गेला आणि शेवटी अनपेक्षितपणे निवडून आला, असे होऊ शकते. त्यात अचानक काहीच घडले नाही. उलट, दिवाळीतला सुतळी बॉम्ब वात पेटलेली दिसत असूनही अचानकच फुटतो, पण तो अनपेक्षित नसतो. दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या असतील तर कथनाला ज्याची गरज आहे तो शब्द घ्यावा.

पोलिसांच्या बातम्यांत ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ असे का लिहितात? मृत्यू अचानक झाला असा त्याचा अर्थ आहे का?

तसा अर्थ बहुतेक वाचक लावतात, पण तो बरोबर नाही. आत्महत्या, अपघात किंवा संशयास्पद परिस्थितीतील मृत्यू यांची चौकशी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ नुसार होत असे, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार होते. त्या नोंदीला मराठीत ‘अकस्मात मृत्यू’ म्हणण्याची पद्धत आहे. अंथरुणावर आठ दिवस तळमळून विषबाधेने मृत्यू झाला, तरी नोंद अकस्मात मृत्यूचीच होते. कारण अजून निश्चित झालेले नाही, हा या शब्दाचा मूळचा अर्थ या एका कार्यालयीन प्रयोगात योगायोगाने टिकून राहिला आहे. बातमी लिहिणाऱ्याने ‘अकस्मात मृत्यू’चे ‘अचानक मृत्यू’ असे सुलभीकरण करू नये. तसे केल्यास हृदयविकाराचा झटका आला असावा असा वाचकाचा समज होतो.

‘अचानकपणे’ आणि ‘अकस्मातपणे’ ही रूपे चूक आहेत का?

अनावश्यक आहेत. ‘पणे’ हा प्रत्यय विशेषणाचे क्रियाविशेषण करण्यासाठी लागतो. ‘अचानक’ आणि ‘अकस्मात’ हे शब्द मुळातच क्रियाविशेषणे आहेत. ‘अचानक’ विशेषणासारखाही येतो म्हणून ‘पणे’ चालवून घ्यावा, असे कोणी म्हणेल, पण त्याने अर्थात कणभरही भर पडत नाही.

‘चक्क’ नेमका केव्हा वापरावा?

या शब्दावर थोडे थांबायला हवे, कारण असाधारणपणा दाखवणाऱ्या मराठी शब्दांत हा सर्वांत धारदार आहे आणि आज त्याचाच सर्वाधिक गैरवापर होतो.

‘चक्क’चा एक अर्थ आहे उघडपणे, स्पष्टपणे, आडपडदा न ठेवता. ‘त्याने चक्क नकार दिला’ किंवा ‘ती चक्क खोटे बोलली’ या वाक्यांत तोच अर्थ आहे. दुसरा अर्थ आहे ‘विश्वास बसणार नाही, पण खरेच’. ‘अर्ज केला आणि चक्क दुसऱ्याच दिवशी उत्तर आले’ हे त्याचे उदाहरण. दोन्ही अर्थांच्या तळाशी ‘यात शंका घेऊ नका’ हाच भाव आहे. पहिल्यात शंका कृतीच्या स्वरूपाविषयी असते, दुसऱ्यात ती कृती घडली की नाही याविषयी. कोणता अर्थ चालू आहे हे तपासायचे असेल तर वाक्य आज्ञार्थी करून पाहावे. ‘चक्क नाही म्हणून सांग’ हे चालते, म्हणून तेथे पहिला अर्थ आहे. ‘चक्क वेळेवर ये’ हे कानाला खटकते, कारण स्वतःच्या आज्ञेचे स्वतःच आश्चर्य करता येत नाही.

दुसऱ्या अर्थाच्या ‘चक्क’ला एक अट आहे. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात आधीपासून एक सामायिक अपेक्षा असली पाहिजे, आणि ती मोडलेली असली पाहिजे. ‘तो चक्क वेळेवर आला’ हे वाक्य ज्याला त्या माणसाच्या उशिरा येण्याची सवय ठाऊक आहे त्याला गमतीचे वाटते. ज्याला ठाऊक नाही त्याला ते वाक्यच सांगते, की हा माणूस नेहमी उशिरा येतो. म्हणजे ‘चक्क’ कौतुक करता करता आरोपही करतो. ‘मुलीने गणितात चक्क पहिला क्रमांक मिळवला’ किंवा ‘सुनेने चक्क ट्रॅक्टर चालवला’ असे मथळे देणाऱ्याला बहुधा कौतुकच करायचे असते, परंतु मुलींना गणित येत नाही आणि सुनांना ट्रॅक्टर झेपत नाही हे त्याने वाचकाच्या वतीने गृहीत धरलेले असते. तो ‘चक्क’ काढून टाकावा. बातमीचे काहीही नुकसान होत नाही.

वाक्यात अशा शब्दाची जागा बदलली तर अर्थ बदलतो का?

‘चक्क’च्या बाबतीत हमखास बदलतो, कारण तो आपल्या लगेच पुढच्या शब्दावर प्रकाश टाकतो. ‘चक्क मामांनी मला पैसे दिले’ यात आश्चर्य मामांचे आहे. दुसऱ्या कोणी दिले असते तर नवल वाटले नसते. ‘मामांनी चक्क मला पैसे दिले’ यात आश्चर्य माझे. मामा देतात, पण मला देत नाहीत. ‘मामांनी मला चक्क पैसे दिले’ म्हणजे मला त्यांच्याकडून उपदेशाची अपेक्षा होती आणि मिळाले पैसे. मराठीची वाक्यरचना लवचीक असल्यामुळे ही तिन्ही वाक्ये सारखीच शुद्ध आहेत, म्हणून कोणते लिहायचे याची जबाबदारी सर्वस्वी लिहिणाऱ्यावर येते.

‘अचानक’ पुष्कळसा मोकळा फिरतो, पण एका जागी तो फसवतो. ‘अचानक बंद पडलेला पंप सुरू झाला’ हे वाक्य पाहा. पंप बंद पडला तो अचानक, की सुरू झाला तो अचानक? जेथे धातुसाधित विशेषण (क्रियापदापासून झालेले, येथे ‘बंद पडलेला’) आणि मुख्य क्रियापद अशा दोन क्रिया वाक्यात असतात, तेथे क्रियाविशेषण वाक्याच्या आरंभी ठेवले की ही संदिग्धता हटकून येते. सुरू होणे अचानक असेल तर ‘बंद पडलेला पंप अचानक सुरू झाला’ असे लिहावे. बंद पडणे अचानक असेल तर शब्दांची जागा पुरेशी ठरत नाही. ‘चालता चालता अचानक बंद पडलेला पंप दुपारी पुन्हा सुरू झाला’ असा थोडा विस्तार करावा लागतो.

क्रियाविशेषण हे अव्यय असते, मग ‘तो भलताच चिडला’ आणि ‘ती भलतीच चिडली’ असे का?

कारण मराठीतील सगळी क्रियाविशेषणे अव्यये नाहीत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, आणि आठ शब्दजातींची जी मांडणी पुढे शाळांत रुळली तिच्यात क्रियाविशेषण हे अविकारी शब्दांच्या रांगेत बसले. व्यवहारात मात्र विशेषणे जेव्हा क्रियाविशेषणाचे काम करतात तेव्हा कित्येकदा ती आपला लिंगवचनाचा स्वभाव सोडत नाहीत. ‘मुले चांगली खेळतात’ हे त्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. ‘भलता’, ‘केवढा’ आणि ‘कमालीचा’ हे असाधारण प्रमाण दाखवणारे शब्द याच जातीचे आहेत: तो केवढा रडला, ती केवढी रडली, हवा कमालीची थंड, वारा कमालीचा थंड. काही व्याकरणांत यासाठी साधा तोडगा असतो: रूप बदलत असेल तर नुसते ‘क्रियाविशेषण’ म्हणावे, बदलत नसेल तर ‘क्रियाविशेषण अव्यय’.

‘भलता’विषयी आणखी एक. ‘भलत्या वेळी’, ‘भलत्याच माणसाला’ या प्रयोगांत या शब्दाचा अर्थ ‘जो असायला हवा तो नव्हे’ असा आहे. तोच भाव प्रमाणाकडे वळला की ‘असायला हवे त्यापेक्षा पुष्कळ जास्त’ असे होते. म्हणून ‘जेवण भलतेच चांगले झाले होते’ या स्तुतीत ‘मला इतके वाटले नव्हते’ अशी बारीक पुस्ती दडलेली असते, आणि ती यजमानांच्या लक्षात येऊ शकते.

‘अतोनात’, ‘बेसुमार’, ‘बेहद्द’ आणि ‘कमालीचा’ यांपैकी कोणताही घेतला तर चालेल का?

नाही, या प्रत्येकाची आपली ठरलेली सोबत आहे. अतोनात नुकसान होते, अतोनात हाल होतात, आणि प्रेमही अतोनात असू शकते. पण ‘अतोनात सुंदर’ कोणी म्हणत नाही. सौंदर्यासाठी ‘विलक्षण’ किंवा ‘कमालीचे’ हवे. ‘बेहद्द’ म्हणजे हद्द नसलेले, आणि त्याची स्वारी मुख्यतः खुशीबरोबर निघते: बेहद्द खूश, बेहद्द आनंद.

‘बेसुमार’चे मूळ फारसी ‘शुमार’, म्हणजे गणती. वाळूचा बेसुमार उपसा, झाडांची बेसुमार तोड, बेसुमार खर्च या सर्वांत ‘मोजदाद सुटलेली आहे आणि ती सुटायला नको होती’ असा निषेध असतो. त्यामुळे ‘पुस्तकाच्या बेसुमार प्रती खपल्या’ हे वाक्य प्रकाशकाला आवडणार नाही. त्याच ‘शुमार’पासून अंदाजे या अर्थाचा ‘सुमारे’ आणि बेताचा या अर्थाचा ‘सुमार’ हेही शब्द मराठीत आले आहेत, हे जाता जाता नोंदवण्याजोगे आहे: साधारण दाखवणारा शब्द आणि असाधारण दाखवणारा शब्द सख्खे भाऊ निघाले.

‘भयंकर आवडले’, ‘प्रचंड गोड आहे’ हे प्रयोग शुद्ध आहेत का?

बोलीत ते इतके रुळले आहेत की अशुद्ध म्हणून काही साधणार नाही. भीती दाखवणारा शब्द नुसते आधिक्य दाखवू लागणे ही जुनी आणि स्वाभाविक वाटचाल आहे. मुंबईकडचे ‘जाम’ आणि पश्चिम महाराष्ट्रातले ‘लई’ हेही हेच काम करतात, आणि संवाद लिहिताना पात्राच्या तोंडचा ‘लई’ पुसून तेथे ‘अत्यंत’ घालणे हा त्या पात्रावर अन्याय आहे. अडचण वेगळीच आहे. जे दररोज प्रचंड असते ते प्रचंड राहत नाही. चहा प्रचंड आवडला, चित्रपट प्रचंड आवडला, आणि मग खरोखरच प्रचंड असे काही समोर आले, की लिहिणाऱ्याजवळ शब्द उरत नाही. औपचारिक लेखनात ‘भयंकर’ भीतीपुरता आणि ‘प्रचंड’ आकारमानापुरता राखून ठेवावा.

‘क्वचित’ आणि ‘क्वचितच’ यांत काय फरक आहे?

एका ‘च’चा, पण मोठा. ‘ते क्वचित येतात’ म्हणजे कधीमधी येतात. बोलणारा येण्याची नोंद घेतो आहे. ‘ते क्वचितच येतात’ म्हणजे जवळजवळ येत नाहीत. येथे न येण्याची नोंद आहे. ‘अगदी’ आणि ‘अगदीच’ यांतही असाच पालट होतो. ‘समारंभ अगदी साधा होता’ ही स्तुती असू शकते, ‘अगदीच साधा होता’ ही तक्रार असते.

लेखनाविषयीही विचारले जाते. ‘क्वचित’, ‘कदाचित’ आणि ‘अकस्मात’ हे शब्द संस्कृतात व्यंजनान्त असले तरी मराठीत रूढ झाल्यामुळे त्यांचा पाय मोडायचा नाही (शेवटी ‘त्’ न लिहिता ‘त’ लिहायचा), असे मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांत सांगितलेले आहे.

‘सहसा’चा अर्थ ‘नेहमी’ की ‘अचानक’?

मराठीत ‘बहुधा, सामान्यतः’, आणि तोही प्रायः नकारार्थी वाक्यात: ते सहसा रागावत नाहीत. संस्कृतात मात्र हा ‘सहस्’, म्हणजे बळ, या शब्दापासून झालेला असून त्याचा अर्थ एकदम, उतावीळपणे असा आहे, आणि हिंदीतही ‘सहसा’ म्हणजे अचानक. असाधारण दाखवणारा शब्द मराठीत येऊन साधारण दाखवू लागला, असे हे विरळ उदाहरण आहे. हिंदीतून भाषांतर करणाऱ्याने येथे फार जपावे, कारण शब्द ओळखीचा वाटतो आणि अर्थ नेमका उलटा लागतो. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’तल्या एका सुप्रसिद्ध श्लोकात कोणतेही कृत्य ‘सहसा’ करू नये असे सांगितले आहे. अविचाराने करू नये, असे कवीला म्हणायचे आहे. मराठी कानांनी ऐकले तर तो आळसाचा उपदेश ठरतो.

‘आश्चर्यकारकपणे’ने वाक्य सुरू केले तर ते मराठी वाटत नाही. दुसरे काय लिहावे?

तक्रार रास्त आहे. ‘आश्चर्यकारकपणे, त्याने उत्तर दिले नाही’ या वाक्यात उत्तर न देण्याची रीत आश्चर्यकारक होती असे व्याकरण सांगते. लेखकाला मात्र ती घटना आश्चर्याची आहे असे म्हणायचे आहे. क्रियेची रीत आणि बोलणाऱ्याचा अभिप्राय या दोन गोष्टी मराठी सहसा वेगळ्या ठेवते. अभिप्रायासाठी आपल्याकडे ‘आश्चर्य म्हणजे’, ‘नवल म्हणजे’, ‘गंमत म्हणजे’, ‘विशेष म्हणजे’ अशी स्वतंत्र रचना आहे: आश्चर्य म्हणजे त्याने उत्तरच दिले नाही. शेवटचा ‘उत्तरच’ पाहावा. आश्चर्याचा अर्धा भाग त्या ‘च’ने उचलला आहे. ‘सुदैवाने’, ‘दुर्दैवाने’ आणि ‘योगायोगाने’ ही तृतीयान्त रूपे हेच काम करतात आणि ती पूर्णपणे रुळलेली आहेत.

‘विशेष म्हणजे’विषयी एक सूचना करावीशी वाटते. बातम्यांत हल्ली प्रत्येक तिसऱ्या परिच्छेदाच्या आरंभी तो येतो आणि त्याच्यापुढे पुष्कळदा विशेष असे काहीच नसते. पुढची माहिती खरोखर वेगळी नसेल तर परिच्छेद सरळ सुरू करावा.

क्रियाविशेषण न वापरता अनपेक्षितपणा दाखवता येतो का?

येतो, आणि अनेकदा तेच अधिक चांगले मराठी असते. ‘तो अनपेक्षितपणे प्रामाणिक असल्याचे आढळले’ यापेक्षा ‘तो प्रामाणिक निघाला’ हे वाक्य छोटे आणि नेमके आहे. ‘निघणे’ या क्रियापदातच आधीचा अंदाज आणि नंतरचा उलगडा दोन्ही आहेत: आंबा आंबट निघाला, सोने खोटे निघाले, शेजारी मावसभावाचा वर्गमित्र निघाला. संयुक्त क्रियापदेही असाच भाव आणतात. ‘येऊन टपकला’मध्ये नको असताना येणे आहे, ‘बोलून बसला’मध्ये बोलू नये ते बोलल्याची हळहळ आहे. आणि ‘कधी नव्हे ते’ हा वाक्प्रयोग तर कोणत्याही ‘पणे’ लागलेल्या शब्दाला भारी पडतो. ‘कधी नव्हे ते भाऊ स्वयंपाकघरात शिरले’ या वाक्यात भाऊंचा सगळा पूर्वेतिहास येऊन जातो.

परदेशात वाढलेल्या मराठी मुलांच्या बोलण्यात ‘आज असामान्यपणे गरम आहे’ यासारखी वाक्ये ऐकू येतात. शब्द सगळे मराठी आहेत, पण घरात असे कोणी बोलत नाही. ‘आज नेहमीपेक्षा जास्तच उकडते आहे’ किंवा ‘आज भलतेच उकडते आहे’ असे त्यांना शिकवावे. तुलना दाखवणारा ‘पेक्षा’ (नेहमीपेक्षा, वाजवीपेक्षा, अपेक्षेपेक्षा) आणि ‘बाहेर’ (प्रमाणाबाहेर, मर्यादेबाहेर) हे दोन शब्दयोगी शिकले, तर निम्म्याहून अधिक गरज भागते.

‘अनपेक्षितरित्या’ की ‘अनपेक्षितरीत्या’?

‘रीत्या’. हे ‘रीति’ या शब्दाचे संस्कृत तृतीयेचे रूप आहे, म्हणून ‘री’ दीर्घ. ज्यांना हे लक्षात राहत नाही त्यांनी ‘अनपेक्षित रीतीने’ किंवा ‘अनपेक्षितपणे’ लिहावे. ‘विशेषतः’ आणि ‘सामान्यतः’ लिहिताना शेवटी विसर्ग द्यावा. संगणकावर घाईने अपूर्णविरामाचे चिन्ह टंकले जाते, आणि मग शब्द शोधताना तो सापडत नाही.

‘विलक्षण’ला ‘पणे’ लावावे का?

विशेषणाआधी लावू नये: विलक्षण सुंदर, विलक्षण शांत. क्रियापदाआधीही ‘विलक्षणपणे’ अवघडच वाटते. ‘विलक्षण रीतीने वागला’ किंवा सरळ ‘विचित्र वागला’ हे बरे.

सरकारी पत्रव्यवहारात असाधारणपणा कसा व्यक्त करतात?

तेथे भावनेला वाव नसतो, म्हणून क्रियाविशेषणाऐवजी ठरलेले पदबंध येतात. नियमात न बसणारी मंजुरी ‘विशेष बाब म्हणून’ किंवा ‘खास बाब म्हणून’ दिली जाते, आणि तिचा आधार पुढे कोणी घेऊ नये यासाठी ती पूर्वोदाहरण समजली जाणार नाही असेही सोबत लिहितात. अर्जदाराने ‘कृपया माझे प्रकरण असाधारणपणे विचारात घ्यावे’ असे न लिहिता ‘विशेष बाब म्हणून विचारात घ्यावे’ असे लिहावे. कार्यालयाला ती भाषा कळते.

अहवालात किंवा बातमीत हे शब्द कितपत वापरावेत?

आकडा उपलब्ध असेल तेथे शक्यतो वापरू नयेत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत ‘अभूतपूर्व’, ‘विलक्षण’ पाऊस झाला असे लिहिण्यापेक्षा सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला असे लिहावे. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस हा सर्वांत वरच्या वर्गात मोडतो. ही तुलना शेजारी दिली की असाधारणपणा वाचकाला स्वतःला दिसतो. शिवाय काही शब्दांना प्रशासकीय अर्थ आहेत. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी मानतात आणि नुकसानभरपाईचा प्रश्न त्यावर अवलंबून असतो. त्यामुळे ‘जोराचा पाऊस’ या ढोबळ अर्थाने ‘अतिवृष्टी’ लिहिणाऱ्या वार्ताहराला शेतकऱ्यांचे दूरध्वनी येऊ शकतात.

‘धाडकन’, ‘खाडदिशी’ असे शब्द औपचारिक लेखनात चालतात का?

ललित लेखनात जरूर चालतात, पंचनाम्यात नाही.

एका वाक्यात असे दोन शब्द आले तर?

ते वेगवेगळी गोष्ट सांगत असतील तर हरकत नाही. ‘कधी नव्हे ते भाऊ एकाएकी उठून भांडी घासू लागले’ यात पहिला शब्दसमूह भाऊंच्या सवयीविषयी आहे आणि दुसरा शब्द त्या क्षणाविषयी, म्हणून दोघांनाही काम आहे. ‘अचानक एकाएकी’ किंवा ‘अत्यंत कमालीचा’ या जोड्यांत मात्र दुसरा शब्द नुसता बसून राहतो. त्यांतला कोणताही एक काढावा.